बिनविषारी आहे ना? मग राहू दे

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पार्किंगमध्ये धामण आली, तू ओळखलीस, वॉचमनला काठी खाली ठेवायला लावलीस. भिंतीच्या कडेकडेने ती गटाराकडे निघालीच होती. तेवढ्यात शेजारच्या सोसायटीतला तो मुलगा आला, शेपटीला धरून उचलली, फोटो काढले, टाळ्या झाल्या. आणि तू मला विचारतेस, "काका, मी घाबरले का? मला पकडायला शिकवाल का?"

नाही शिकवणार. या कारणासाठी तर मुळीच नाही.

बिनविषारी आहे ना? मग राहू दे. ओळख पटली की आपलं काम संपतं, लोकांना मात्र तिथून पुढे चेव येतो. पिवळट तपकिरी, सहा-सात फुटी धामण नाग समजूनच मारली जाते. फणा नाही, डोळे मोठे, ओठांवर काळ्या रेघा, हे तू लांबूनच पाहिलंस. खारघरच्या त्या अख्ख्या पार्किंगमध्ये एवढं बघणारी तू एकटी, आणि कमी पडल्याचं वाईटही तुलाच वाटतंय. कमाल आहे!

साप शेपटीला धरून लटकवला की स्वतःच्याच वजनाने त्याच्या मणक्याला इजा होऊ शकते. कोंडीत सापडलेली धामण मान फुगवते, गुरगुरते, कडकडून चावते. विष नसलं तरी रक्त येतं, जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टर गाठावा लागतो. तो मुलगा चावून घेऊन रडला असता तर गुन्हेगार धामणच ठरली असती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण तिला आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण सांगणार? आणि नेऊन सोडली कुठे? तिची बिळं, तिचे उंदीर इथे, तुमच्या गटारापाशी. आता उंदीर तुम्ही सांभाळा.

माझ्यावरही लोक चिडतात. "नाल्यात साप आहे, लगेच या." मी फोटो मागवतो. बिनविषारी दिवड असते. मी जात नाही. बेडूक आणि मासे खाणारा साप नाल्यात नाही राहणार तर काय गच्चीवर राहील? मग मी म्हातारा झालो, आळशी झालो, भाव खातो. बोलू देत. खंत वेगळीच आहे. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हाकेसरशी धावत गेलो, आणि लोक सापाकडे बघायला शिकण्याऐवजी फोन लावायला शिकले. म्हणून मी हट्टाने घरी बसतो. हा आळस नाही. निदान पूर्णपणे नाही.

अट एकच, ओळख पक्की हवी. रात्री घरात पट्ट्यांचा बारीक साप दिसला तर शहाणपणा करू नकोस. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात, विषारी मण्यारीचे थोडे मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. पुस्तकात हे सोपं असतं. मध्यरात्री, सगळे ओरडत असताना नसतं. शंका आली की मण्यारच समज. माणसं बाहेर काढ, खोलीचं दार लाव, फटीला टॉवेल लाव, वनविभागाच्या १९२६ वर फोन कर. हा फोन करायचाच असतो.

आणि ओळखीची धामण घरात शिरली तर? बाहेरचं दार उघडं, आतली दारं बंद, सगळ्यांना मागे घे, आणि गप्प उभी राहा. वेळ लागतो. तेवढा धीर कुणाला नसतो, म्हणून पकडणारे हिरो होतात. बिनविषारी आहे ना? राहू दे. कितीदा सांगू?

शिकायचंच असेल तर रविवारी सकाळी ये. पावसाने उघडीप दिली तर टेकडीच्या पायथ्याला गवतात नानेटी दिसेल, तीही बिनविषारीच. लांबून बघू, कशी चालते, काय खाते. दुर्बीण आण. साप पकडायची स्टिक ऑनलाइन मागवली असशील, तर आधी ती परत पाठव.

काका