वाडीतल्या घरापर्यंत फायबर केबल स्वतः ओढली तर चालेल का? जोड आणि टेस्टिंगचं काय?

तुम्ही विचारलंय की गुहागरजवळ वाडीत घर आहे, रस्त्यावरच्या बॉक्सपासून ४०० मीटर आत, ऑपरेटर म्हणतो केबल तुम्ही ओढून ठेवा मग आम्ही जोडून देतो, तर स्वतः ओढावी का, कनेक्टर पण स्वतःच मारावा का, आणि लेझरने डोळ्यांना काही होतं का. मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतो त्यामुळे सरळ सांगतो. केबल ओढा, टोकं मात्र स्प्लायसिंग मशीनवाल्याला (काच वितळवून जोड मारणाऱ्याला) करू द्या, आणि जोडून झालं की बॉक्सपाशी एकदा आणि घरात एकदा पॉवर मीटर (उजेड किती येतो ते मोजणारं यंत्र) लावून दोन्ही रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. पैसे त्यानंतर.

आधी रीडिंगचंच सांगतो कारण तेच कोणी विचारत नाही. घरच्या नेटला वापरतात त्या सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटर वेव्हलेंथच्या उजेडाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी लॉस (उजेडाची घट, ती डीबीत मोजतात) असतो, १४९० ला त्याहून कमी, म्हणजे तुमच्या ४०० मीटरचा लॉस ०.१५ डीबीसुद्धा नाही. नीट मारलेला फ्युजन जोड (मशीनने वितळवून केलेला) ०.१ च्या आत, कनेक्टर ०.३ ते ०.५. मीटर उजेडाची पातळी डीबीएममध्ये दाखवतो, मायनसचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. म्हणजे बॉक्सला मायनस २० डीबीएम असेल तर घरात फार तर मायनस २१ दिसायला हवं. घरात मायनस २४ आलं तर नेट चालेल, टेक्निशियन म्हणेल झालं काम, पण ४ डीबी गेले म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड तुमच्या तेवढ्याशा केबलमध्येच कुठेतरी सांडलाय, कुठे केबल मुडपली असेल नाहीतर टोक खराब असेल. जीपॉनच्या (घरोघरी फायबर नेट देण्याची पद्धत) नेहमीच्या बी प्लस क्लासमध्ये घरातल्या डब्याची (फायबरच्या मोडेमची) मर्यादा मायनस २७ आहे. मायनस २४ वर मे महिना निघून जातो, जूनमध्ये बॉक्समध्ये ओल शिरली की डब्यावरचा लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो आणि मग भर पावसात कोण येतो दुरुस्तीला? मीटर १४९० वर सेट आहे ना तेवढं बघा, डब्याकडे येणारा उजेड त्याच वेव्हलेंथचा असतो.

आता ओढण्याचं. केबल घेताना आत स्टीलऐवजी एफआरपीच्या (वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासच्या) काड्या असलेली मागा, फायबर जी ६५७ ए२ प्रकारची असेल तर उत्तम, ती वळणाला जास्त सोसते. एफआरपी का, तर स्टीलची तार विजेच्या लाईनला टेकली की तुमच्या पडवीपर्यंत करंट येतो. फायबरच्या कामात मला लेझरपेक्षा याचीच जास्त भीती वाटते. महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय केबल बांधू नका, ॲल्युमिनियमची शिडी लाईनखाली उभी करू नका, आणि वादळात केबल तारांवर पडली असेल तर हातच लावायचा नाही, १९१२ ला फोन करायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे झाले होते, अशा वेळी कुठली तार कुठल्या तारेवर पडलीय ते लांबून कळत नाही.

जमेल तिथे गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपातून न्या. जांभ्यात खणायला जड जातं हे मान्य, पण माडाखालून हवेत लटकवलेली केबल एका झावळीने तुटते आणि माकडं त्यावर झोके घेतात ते वेगळंच. ओढताना काड्यांना धरून ओढा, फायबरवर ताण नको. गाठ, पीळ, आणि टाय करकचून आवळणं, तिन्ही टाळा. वळण कुठेही ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नका. भिंतीतून आत घेण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिथूनच गळून जाईल, भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, आणि दोन्ही टोकांना पाच-सात मीटर जास्तीची केबल गुंडाळून ठेवा, प्रत्येक नवीन जोडाला थोडी कापावीच लागते.

टोकं स्वतः करू नका म्हणतो त्याचं कारण काच. सालं काढलं की १२५ मायक्रॉनची काच उरते, केसाएवढी. ती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची (सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं), क्लीव्हरने (काच तोडायच्या हत्याराने) काटकोनात तोडायची, मग मशीनमध्ये जोड. जोडावर चढवायची स्लीव्ह (संरक्षक नळी) जोडाआधीच एका फायबरवर सरकवून ठेवतात. तोडताना उडालेला तुकडा लादीवर दिसतच नाही आणि पायात घुसला तर सापडत नाही. म्हणून काम करणारा आला की त्याला काळं कापड पसरायला सांगा, तुकडे झाकणाच्या बाटलीत टाकायला लावा, मुलांना तोपर्यंत पडवीत येऊ देऊ नका, तिथे चहापाणीही नको, आणि शेवटी चिकटपट्टीने जागा टिपून घ्या. फास्ट कनेक्टर (मशीनशिवाय जागेवरच बसवायचा) मारून पाच मिनिटांत निघणारे पण भेटतील, माझ्या मते आपल्या दमट खाऱ्या हवेत पिगटेल (कारखान्यात कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस करून घेतलेलाच बरा, दोन पैसे जास्त गेले तरी. हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच. हिरव्याचं टोक ८ अंशात तिरकं असतं, निळ्यात घातलं तर लॉसही होतो आणि दोन्ही टोकं खराब होऊ शकतात. लावण्याआधी दर वेळी पुसायचं, टोपी काढून उघडं ठेवायचं नाही.

लेझरचं म्हणाल तर घरात मायनस २० म्हणजे मिलीवॅटचा शंभरावा भाग, तेवढ्याने डोळे जात नाहीत. पण हा उजेड दिसत नाही त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, आणि त्याच बॉक्समध्ये केबल टीव्हीच्या १५५० च्या ॲम्प्लिफायरची लाईन असेल तर पॉवर कितीतरी जास्त असू शकते. टोकात बघायचंच नाही, लाल पेनच्या (तूट शोधायला वापरतात त्या लाल लेझरच्या) उजेडातही नाही.

एक शेवटचं, केबलच्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. बॉक्सपाशी कुठला आकडा आहे आणि घरात कुठला, दोन्हीचे फोटो काढून ठेवा, आणि वाटेत गडगा, पऱ्या, गेट जिथे ओलांडते तिथलेही. उद्या केबल तुटली की ओटीडीआर (तूट किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) सांगेल तूट २३० मीटरवर आहे, मग शेजाऱ्याच्या काजूखाली शोधायचं की गेटपाशी ते फोटो बघून लगेच कळेल.