थेट वस्तरा की आधी सेफ्टी रेझर? आणि मानेवरच्या पुळ्या

तुमचे प्रश्न तीन दिसतात. पाच पात्यांचं कार्ट्रिज सोडून थेट वस्तऱ्यावर यावं का, की मध्ये सेफ्टी रेझर (एकाच सुट्या पात्याचा) वापरावा? सामान काय लागेल? आणि दाढीनंतर मानेवर ज्या पुळ्या उठतात त्या थांबतील का?

आधी सेफ्टी रेझर, निदान महिना-दीड महिना. वस्तऱ्याला लागणाऱ्या चार गोष्टींपैकी तीन, म्हणजे केसांची दिशा ओळखणं, फेस करणं आणि हात हलका ठेवणं, सेफ्टी रेझरवर बऱ्याच कमी रक्तात शिकता येतात. चौथी म्हणजे वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून पाजळणं. ती वेगळीच विद्या आहे, तिच्याकडे खाली येतो.

सामान थोडकं घ्या: तीन भागांचा, बंद दातांचा (म्हणजे पात्याखालची कड सलग, कंगव्यासारखी नाही), मवाळ समजला जाणारा रेझर, एक सिंथेटिक ब्रश, दाढीचा साबण किंवा क्रीम आणि तुरटी. पाती मात्र दोन-तीन कंपन्यांची थोडी थोडी घ्या, कारण एकाला लोण्यासारखं चालणारं पातं दुसऱ्याला ओरबाडतं. तरीही पहिले दोन आठवडे पात्याची कंपनी आणि साबण बदलू नका. रोज काहीतरी नवीन लावलं तर चूक हाताची की पात्याची, हे कळायला मार्गच उरत नाही.

दाढी दोन दिवस वाढू द्या आणि कोरड्या गालावरून बोटं चारी दिशांनी फिरवा. ज्या बाजूला गुळगुळीत लागतं ती सुलट, जिथे खरखरतं ती उलट. गालावर बहुतेकांचे केस खाली जातात. मानेवर मात्र कुठे आडवे, कुठे वर, तर घाटीच्या बाजूला भोवऱ्यासारखे फिरलेले असतात. कागदावर मानेचं ओबडधोबड चित्र काढून बाण मारून ठेवा. तुमच्या पुळ्यांचं मूळ बहुधा इथेच आहे. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापला जाऊ शकतो. असा कुरळा केस वाढताना बाहेर येण्याऐवजी आत वळतो आणि तिथे गाठ धरते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे मानेवर फक्त सुलट हात मारा, म्हणजे रेझर केसांच्या दिशेनेच फिरवा. फार वाटलंच तर एक आडवा. उलटा हात अजिबात नको, आणि मानेची कातडी खेचून ताणूही नका. थोडे खुंट हाताला लागतील, लागू द्या. सध्या पुवाळलेल्या पुळ्या असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

केस पाणी प्यायला की मऊ होतो आणि कापायला निम्मी झटापट कमी होते. आंघोळीनंतर लगेच दाढी करा, नाहीतर कोमट पाण्याचा ओला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा.

फेसाची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे साबण कमी आणि हवा जास्त. ब्रश ओला करून दोनदा झटका, साबणावर वीस-तीस सेकंद गोल फिरवा. केसांच्या टोकांवर घट्ट लगदा दिसला पाहिजे. मग वाटीत किंवा थेट गालावर घोळवताना पाणी थेंबाथेंबाने वाढवत जा, एकदम ओतू नका. बुडबुडे दिसतायत तोवर फेस तयार नाही. तो चकचकीत दिसला, ब्रश उचलल्यावर त्याचं टोक किंचित वाकलं आणि दोन बोटांत चोळताना बोटं निसटली, की झालं. चेहऱ्यावर लावल्यावर मिनिटभरात सुकून पापुद्रा धरत असेल तर पाणी कमी पडलं. ओघळत असेल तर साबण कमी पडला. पाणी क्षारयुक्त असेल तर साबण दुप्पट घ्यावा लागतो. अशा ठिकाणी क्रीम सोपं पडतं.

पातं बसवताना ते नेहमी आखूड बाजूंनी धरा. रेझरचं झाकण उलटं, त्यावर पातं, त्यावर खालची पट्टी, मग दांडा पिळा. पिळताना पट्टीच्या दोन टोकांना बोटांनी दाबून ठेवा. नंतर वरून पाहा: दोन्ही बाजूंना पात्याची कड सारखीच बाहेर दिसते का? एक बाजू नेहमी जास्त चावते अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा पातं तिरकं बसलेलं असतं. दांडा ढिला करून पुन्हा आवळा.

आता कोन. रेझरचं डोकं गालावर टेकवा, दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर, काटकोनात. या स्थितीत काहीच कापलं जात नाही. आता गालावरून अगदी हळू खाली सरकवत दांडा थोडा थोडा खाली आणा. एका जागी अचानक बारीक करकर ऐकू येते. तो तुमचा कोन, पातं कातडीशी साधारण ३० अंशांत. दांडा आणखी खाली गेला की पातं कापायचं सोडून खरवडायला लागतं, आणि लालसर जळजळ तिथूनच येते. हात एक-दीड इंचाचा, छोटा. मनगट घट्ट ठेवा आणि कोपरातून हलवा. दांडा टोकाकडे चिमटीत धरला तर दाबायची सोयच उरत नाही, रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. कार्ट्रिजची मुंडी वळती असते म्हणून तिथे दाब चालून जातो, इथे तीच सवय नडते. एका हातात सगळं साफ करायला जाऊ नका: सुलट हात, पुन्हा फेस, मग गालावर आडवा. फेस नसलेल्या जागी रेझर फिरवायचा नाही, ‘एवढंच राहिलंय’ म्हणून तर नाहीच.

शेवटी गार पाणी, मग ओली तुरटी फिरवा. जिथे जास्त चुरचुरतं तिथे हात जड पडला. रोजचा असा फुकट मास्तर दुसरा नाही. अर्ध्या-एक मिनिटाने धुऊन टाका. पातं तीन ते सात दाढ्या चालतं, पण आकड्यापेक्षा ओढ ऐका. केस ओढायला लागलं की टाका, आणि टाकायचं तेही फट पाडलेल्या बंद डब्यात. पातं टॉवेलने पुसू नका. धार जाते आणि बोटही.

तुरटी मानेवर सलग दोन आठवडे चुरचुरली नाही, की वस्तरा उचलायला हरकत नाही.

सुरुवातीला ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचं, गोल टोकाचं पातं घ्या. टोकदार कोपरा कानापाशी आणि नाकाखाली ओरखडा काढतो. ‘नवा आहे म्हणजे धार असणारच’ हे गृहीत धरू नका. कारखान्यातून आलेली धार पुष्कळदा दाढीलायक नसते, म्हणून जाणकाराने दगडावर लावून दिलेला वस्तरा मागा. १००० ते १२००० अशा आकड्यांचे, भरड ते बारीक दगड पहिल्या वर्षात घरात आणायची गरज नाही.

अर्धं पातं अडकवायचा वस्तरा स्वस्तात येतो म्हणून लोक त्यावर शिकतात. माझ्या मते ही उलटी वाट आहे. तो हलका असतो, पातं ताठ आणि फार धारदार, आणि चूक जराही पोटात घालत नाही. शिवाय त्यावर पाजळणं शिकताच येत नाही.

पाजळताना पट्टा ताणलेला हवा. तो झोळीसारखा लोंबला की धार गोल होते. वस्तरा सपाट, पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही टेकलेल्या. पाठ पुढे, धार मागून ओढली जाते. टोकाला पोचलात की पाठ न उचलता तिच्यावरच वस्तरा उलटवा आणि परत या. धारेवर उलटवलात तर धार वाकते आणि पट्ट्याला काप जातो. दगडावर नेमकं उलट, तिथे धार पुढे असते, म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात शिकू नका. आधी बोथट सुरीने शंभरेक फेऱ्या मारा. मग दाढीआधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर २० आणि चामड्यावर ४० फेऱ्या, सावकाश. वेग नंतर आपोआप येतो.

पहिला आठवडा वस्तऱ्याने फक्त गाल करा, बाकी दाढी सेफ्टी रेझरने. तीन बोटं पात्याच्या मानेवर (पातं आणि मूठ यांमधल्या अरुंद दांड्यावर), अंगठा खालून, करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर. मोकळ्या हाताने कातडी वर ताणा. बोटं निसटत असतील तर त्यांना तुरटी लावा. पाठ कातडीपासून तिच्याच एक-दोन जाडीइतकी उचललेली हवी. वस्तरा धारेच्या लांबीत कधीही सरकू देऊ नका. खोल काप जातात ते बहुधा या आडव्या सरकण्यानेच. दुसऱ्या गालाला दुसरा हात वापरा, चेहऱ्यासमोरून हात आडवा घालून कोन टिकत नाही. गाल जमले की कानशिलं, मग मान, आणि हनुवटी सगळ्यात शेवटी.

पाजळूनही ओढ जाणवायला लागली की क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या वेगळ्या पट्ट्यावर दहाएक फेऱ्या द्या. त्यानेही सुधारलं नाही तर दगडाची वेळ झाली. कार्बन स्टील बाथरूमच्या दमट हवेत रात्रीतून डाग धरतं. पुसून, मुठीतल्या फटीसकट पूर्ण कोरडा करून ठेवा, आठ-दहा दिवस वापरणार नसाल तर मिनरल ऑइलचा थेंब फिरवा. आणि रेझर असो की वस्तरा, आपला दुसऱ्याला द्यायचा नाही.