वाचकांचे प्रश्न : स्टोक पार्कचे गोल्फ मैदान

प्रश्न : रिलायन्सने इंग्लंडमधील स्टोक पार्क विकत घेतल्याच्या बातमीत तेथील मैदानाचा उल्लेख ‘पार्कलँड गोल्फ कोर्स’ असा होता. गोल्फचे प्रत्येकच मैदान हिरवेगार असते. मग हे निराळे विशेषण कशासाठी? आणि या मैदानाचा इतिहास काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादरच्या शिवाजी पार्कमुळे ‘पार्क’ म्हणजे सर्वांना खुले मैदान, अशी आपली समजूत झालेली असते. इंग्लंडमध्ये मात्र सरदार-जमीनदारांच्या वाड्याभोवतीची, पुष्कळदा हरणांसाठी राखलेली कुंपणातील जमीन म्हणजे पार्क. गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या पट्ट्यांत, जेथे झाडे जवळजवळ नसतात, पाणी लगेच मुरते आणि खेळाडूची खरी झुंज वाऱ्याशी असते; अशा मैदानाला ‘लिंक्स’ म्हणतात. जुन्या पार्कच्या गवताळ, झाडांनी भरलेल्या आणि बहुधा चिकणमातीच्या जमिनीवर आखलेले मैदान ते पार्कलँड. येथे वाऱ्यापेक्षा झाडे आणि पाणी खेळाडूची परीक्षा घेतात.

लंडनच्या पश्चिमेस, बकिंगहॅमशरमधील स्टोक पोजेस गावातील स्टोक पार्क हे याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापन करणाऱ्या विल्यम पेन यांच्या वंशजांकडे ही जहागीर होती. अमेरिकन क्रांतीत त्या कुटुंबाची तिकडची जमीन गेली, पण भरपाई मिळाली, आणि पेन यांचे नातू जॉन पेन यांनी येथे वास्तुविशारद जेम्स वायट यांच्याकडून आजचा शुभ्र वाडा उभारून घेतला. भोवतालच्या भूमीवर आधी ‘केपेबिलिटी’ ब्राउन आणि नंतर हम्फ्री रेप्टन या दोन नामांकित उद्यानरचनाकारांनी काम केले होते. पाहणाऱ्याला निसर्गनिर्मित वाटणारे ते दृश्य, म्हणजे, गोल्फ येण्याच्या शंभरएक वर्षे आधीच माणसांनी विचारपूर्वक घडवलेले होते.

‘कोरिंथियन’ या हौशी फुटबॉल क्लबचे संस्थापक निकोलस लेन जॅक्सन यांनी १९०८ मध्ये ही मालमत्ता घेऊन तेथे क्लब काढला आणि मैदानाची आखणी हॅरी कोल्ट यांच्याकडे सोपवली. कोल्ट शिक्षणाने वकील आणि सनिंगडेल क्लबचे चिटणीस. त्या काळी फेअरवेवर (चेंडू मारत नेण्याच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) आडवे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोदून सर्वांनाच त्यावरून चेंडू उडवायला लावण्याची पद्धत होती. दुबळा खेळाडू त्यात हमखास अडके. कोल्ट बंकर तिरके आणि बाजूला ठेवत, जेणेकरून धाडसी खेळाडूला जवळचा पण धोक्याचा मार्ग आणि सावध खेळाडूला लांबचा पण सुरक्षित मार्ग मिळे. मला तरी हा गोल्फच्या रचनेतील सर्वांत सुज्ञ बदल वाटतो.

याचा अपवाद म्हणावा असा, येथील सर्वांत नावाजलेला सातवा होल (होल म्हणजे मैदानाचा एक टप्पा). तो आखूड, पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा आहे, पण ग्रीनच्या (जिच्यात शेवटचे भोक असते त्या गुळगुळीत हिरवळीच्या) पुढून ओहोळ तिरका वाहतो, त्यामुळे पहिलाच फटका नेमका बसावा लागतो. अमेरिकेतील ऑगस्टा मैदानाचा प्रसिद्ध बारावा होल यावरूनच सुचला, असे म्हटले जाते. ऑगस्टाचे एक रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी पूर्वी कोल्ट यांचे भागीदार होते, हे पाहता ते अशक्य नाही. अठरावा होल थेट वाड्यासमोर संपतो. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातील गोल्फचा सामना याच मैदानावर चित्रित झाला होता.

एकूण होल सत्तावीस असून नऊ-नऊच्या तीन गटांना कोल्ट, अ‍ॅलिसन आणि लेन जॅक्सन अशी नावे आहेत. यांतील चार्ल्स अ‍ॅलिसन क्लबचे चिटणीस होते. पुढे ते कोल्ट यांचे सहकारी झाले आणि जपानमध्ये त्यांनी असे खोल बंकर खणले की तेथे तशा बंकरला आजही ‘अ‍ॅलिसन’च म्हणतात. रिलायन्सचा व्यवहार एप्रिल २०२१ मधला, ५ कोटी ७० लाख पौंडांचा. त्यानंतर त्याच वर्षी नूतनीकरणासाठी क्लब बंद करण्यात आला.