तलवारीच्या म्यानासाठी कोणते चामडे घ्यावे? कोल्हापुरी चामड्याने पाते खरोखर गंजते का?

घरातल्या जुन्या तलवारीला नवे म्यान आणि धनुर्विद्या शिकणाऱ्या मुलाला भाता करून घ्यायचा आहे, त्यासाठी चामडे कोणते घ्यावे आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. शिवाय कोल्हापुरी चामड्याने पाते गंजते असे ऐकल्याचेही लिहिले आहे. या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहीत आहे, कारण नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या दुकानात, माझ्याच कामाबद्दल ऐकले आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या चपलांचे काम चालते. त्या वर्षी एका तालमीच्या वस्तादांनी पूजेतल्या चार ठेवणीतल्या तलवारींसाठी म्याने करायला सांगितली. आत लाकडाच्या दोन पट्ट्या घालून त्यांवर कातडे चढवावे, असे माझे म्हणणे होते. दुकानाचा व्यवहार पाहणारे माझे थोरले बंधू म्हणाले, "आतले लाकूड कोण बघतो? कातडे जाड घे, दिवस वाचतील." मी त्यांचे ऐकले आणि म्हशीचे जाड कातडे दुमडून, एका बाजूने शिवून चारही म्याने दिली. तलवारी पावसाळाभर त्यांतच राहिल्या. खंडेनवमीला त्या पूजेसाठी बाहेर काढल्या, तेव्हा वस्ताद त्यांतली एक घेऊन दुकानात आले आणि त्यांनी ती उघडी माझ्यासमोर ठेवली. पात्यावर शिलाईच्या टाक्यांइतक्याच अंतरावर काळ्या ठिपक्यांची रांग उठली होती आणि म्यानाच्या तोंडाजवळचे तीन टाके धारेने कापले गेले होते. "चपला चांगल्या करता, तिथेच थांबा. कोल्हापुरी कातड्याने लोखंड खाल्ले," एवढेच बोलून ते गेले. ती रात्र मी झोपलो नाही.

बंधूंचे आजही म्हणणे आहे की क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, चामडे वापरले असते तर हे झाले नसते. ते साफ चूक आहे. आपल्याकडे कोल्हापुरी कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचे पाणी भरून ती टांगण्याची रीत जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यातले टॅनिन, म्हणजे सालीतले तुरट द्रव्य, ओलसर लोखंडाला लागले की काळे पडते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पूर्वी शाई करत, तोच हा काळेपणा होय. क्रोमच्या चामड्याने हा काळा डाग पडणार नाही हे मान्य, पण त्यात राहिलेले क्षार आणि त्याने धरलेली ओल पात्याला गंज चढवतेच. शिवाय क्रोमने कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, तेव्हा शिवकालीन धाटणीचे काम म्हणवून त्यात ते घालणे मला अप्रामाणिक वाटते. ते भिजवून साच्यावर बसवले तरी आकारही धरत नाही.

दोष कातड्याचा नव्हता, लाकूड गाळण्याचा होता, आणि तो माझ्या हातून झाला. जुन्या तलवारींची म्याने पाहा. आत लाकूड असते आणि चामडे किंवा मखमल केवळ वरून चढवलेली असते. आता मी शिवण झाडाच्या किंवा जुन्या सागाच्या लाकडाच्या, पुरत्या वाळलेल्या पट्ट्या आतून कोरून घेतो, त्यामुळे धार कुठेही टाक्याला लागत नाही. वर शेळीचे कातडे घेतो. त्याच्या कडा रापीने, म्हणजे कातडे तासायच्या हत्याराने, कागदाइतक्या पातळ होईपर्यंत खरडतो, ते भिजवतो आणि ओले असतानाच ताणून मागच्या अंगाने दोन सुयांनी शिवतो, म्हणजे एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. सावलीत वाळताना कातडे आकसून लाकडाला असे बसते की, बोटाने टिचकी मारली तर आवाज लाकडाचा येतो. हा आवाज आल्याशिवाय मी म्यान गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही.

भात्याला मात्र म्हशीचे, सालीने कमावलेले जाड कातडेच घ्यावे आणि तो पाठीवर नव्हे, कमरेलाच करून घ्यावा. दख्खनी आणि मुघल चित्रांतले घोडेस्वार भाता कमरेलाच लावतात. मुलगा तीन बोटांनी दोरी ओढत असेल, तर धनुष्य धरणाऱ्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या अंगाला चामड्याचा पट्टाही करून घ्यावा.

खर्चाचा आकडा तलवार पाहिल्याशिवाय कोणत्याही कारागिराने सांगू नये. पैसा चामड्यापेक्षा लाकूड कोरण्याच्या मजुरीत जातो, आणि "लाकूड नको, स्वस्तात करून देतो" असे जो म्हणेल त्याच्याकडे काम देऊ नये.

एक सांगायचे राहिले. लाकूड घातले तरी पावसाळ्यात तलवार म्यानात ठेवू नये; पाते पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि म्यान वेगळे ठेवावे. जुने म्यान अजून घरात असेल, तर त्याच्या तोंडाची मोहनाळ आणि टोकाची तहनाळ ही धातूची टोपणे काढून जपून ठेवावी, कारण नव्या लाकडाचे माप त्यांच्यावरूनच घ्यावे लागते.