तिसरा ड्रॉप घेऊ का? ओंकारच्या एका कागदाची गोष्ट

डिसेंबर संपता संपता कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या एमबीए कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो आणि जानेवारी उजाडला की माझ्याकडे मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, मॅडम अजून एक ड्रॉप घेऊ का, म्हणजे अजून एक वर्ष घरी बसून परीक्षेची तयारी करू का. कुणाला ८५ पर्सेंटाइल असतात कुणाला ९२, घरचे म्हणतात बास आता जे मिळतंय ते घे, मित्र म्हणतात एवढं केलंस तर अजून एकदा बघ, आणि पोरगं मधल्या मधे लटकलेलं. मी या प्रश्नाला लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. का म्हणत नाही ते सांगायचं तर ओंकारचं सांगावं लागेल. नाव बदललंय, घरच्या एकदोन गोष्टी पण बदलल्यात, आणि त्याला विचारूनच लिहितेय.

२०२४ चा जानेवारी, सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. होम मैदानाच्या बाजूने गाडी काढणं शक्यच नव्हतं म्हणून दोघं बापलेक चालत आले. ओंकार मेकॅनिकल इंजिनियर, सोलापुरातच शिकलेला, २०२२ ला पास. कॅम्पसमधून पुण्यात एक नोकरी लागली होती ती सोडली, एमबीएच करायचं म्हणून. पहिल्या कॅटला ८६ आले, दुसऱ्याला ९१. वडिलांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, आठ माग. घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि तेलुगू, इंग्रजी फक्त पुस्तकात.

वडीलच आधी बोलले. "मॅडम, अजून एक वर्ष बसतो म्हणतंय पोरगं. बसू दे की. आमची काय तक्रार नाही बघा."

मला तिथेच जरा वेगळं वाटलं, कारण साधारण तिसऱ्या ड्रॉपचं नाव काढलं की वडील चिडलेले असतात, आई रडत असते, आणि इथे वडील इतक्या सहज तयार.

आधी स्कोअरकार्ड काढायला लावलं. वडिलांना वाटत होतं ९१ म्हणजे शंभरात ९१ मार्क, मग अजून काय पाहिजे यांना. तो गैरसमज खूप घरांत असतो म्हणून इथे सांगते. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत ते. त्या वर्षी कॅटला २ लाख ८८ हजारांच्या आसपास मुलं बसली होती, त्याचे ९ टक्के काढले तर ओंकारच्या पुढे जवळजवळ २६ हजार मुलं होती. हे ऐकून वडील गप्पच झाले.

मग सेक्शन बघितले. क्वांट म्हणजे गणित ९७, डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि तर्काचे प्रश्न ९३, आणि व्हीएआरसी म्हणजे इंग्रजीचा भाग ५८. सगळं दुखणं त्या एका आकड्यात होतं. बऱ्याच आयआयएम एकूण पर्सेंटाइलच्या जोडीला प्रत्येक सेक्शनचा पण कटऑफ लावतात, म्हणजे एकूण ९५ आले असते आणि इंग्रजी ५८ च राहिलं असतं तरी कितीतरी ठिकाणी त्याचा फॉर्म पहिल्याच चाळणीत बाहेर पडला असता. आणि हा मुलगा दोन वर्षं रोज काय करत होता, तर क्वांट. कारण क्वांट सुटतं, सुटलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, उतारा वाचून चार प्रश्न चुकले की दिवस खराब जातो म्हणून तो उद्यावर.

दुसरी गोष्ट मार्कांची. दहावी ९१, बारावी ७१. बऱ्याच आयआयएममध्ये कॉल, म्हणजे इंटरव्ह्यूचं बोलावणं देताना कॅटसोबत दहावी, बारावी, डिग्री, कामाचा अनुभव असं सगळं धरून गुण देतात, प्रत्येकीचं गणित वेगळं. बारावीचे ७१ आता काहीही केलं तरी ७१ च राहणार, मग त्यासाठी झुरण्यात काय अर्थ, उलट जिथे बारावी बघतच नाहीत तिथे पण फॉर्म भरायचा. आपल्याकडची एमबीए सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, तशीच आहे, कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेरीच्या मेरिटमध्ये सीईटीचा स्कोअर चालतो, बारावी नाही, इंटरव्ह्यू नाही, आणि मुंबईतल्या जमनालाल बजाज, सिडनहॅम अशा नावाजलेल्या जागा त्यातून मिळतात, फी पण आवाक्यातली. ओंकारने मागच्या वर्षी सीईटीचा फॉर्म भरला होता आणि तयारी न करता जाऊन बसला होता, कॅट झाली म्हणजे ही येणारच असं समजून. पण तिची चालच वेगळी, २०० प्रश्न १५० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, चुकलं तर मार्क कापत नाहीत. कॅटला विचार करून सोडून द्यायची सवय लागलेली असते, इथे सोडायचंच नसतं.

इथपर्यंतचं कुणीही जाणकार माणूस सांगेल. खरी गोष्ट पुढे आहे.

मी त्याला एक कोरा कागद दिला आणि म्हणलं कालचा दिवस तासातासाने लिही, खरा लिही, टाइमटेबल नको. त्याने लिहिलं ते मी अजून ठेवलंय. सात ते साडेआठ क्वांट. नऊला कारखाना. सुताची गाडी आली, पोती मोजून घेतली. अकराला बँक. तीन नंबरचा माग बंद पडला, जॉबरला आणायला गेलो. दुपारी जेवण, मग उधारीचे फोन, नागपूर आणि हैदराबादच्या पार्ट्या. चारला जीएसटीचे कागद घेऊन सीएकडे. साडेसहा ते आठ पॅकिंगला उभा, माल ट्रान्सपोर्टला टाकायचा होता. जेवण. दहा ते साडेबारा मॉक.

कागद त्याच्याकडे फिरवला आणि विचारलं यात अभ्यास किती. त्याने बोटांवर मोजलं. चार तास, त्यातले अडीच रात्री दहानंतर, आणि दिलेल्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत काय चुकलं ते बघायला वेळच नाही. कारखान्याचे नऊ-दहा तास.

मी म्हणलं, "ओंकार, तू ड्रॉप घेतलाच नाहीस अजून. तू दीड वर्ष फुल टाइम नोकरी करतोयस, बिनपगारी."

तो म्हणाला, "मॅडम, घरचंच आहे की ते. मी घरीच असतोय म्हणून करतो."

वडिलांनी मान खाली घातली. त्यांचा दोष मला अजिबात काढायचा नव्हता आणि आजही काढत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, जिने चढणं बंद झालं, हाताखालचा हिशोबाचा जुना माणूस गावाकडे निघून गेला, आणि नेमकं तेव्हाच पोरगं 'अभ्यासाला घरी' आलं. कुणी ठरवून काही केलं नाही. आज जरा बँकेत जाऊन ये, उद्या जरा सूत मोजून घे, असं करत करत अख्खा कारखाना त्याच्या अंगावर आला. तिसऱ्या ड्रॉपला घरातून एवढी सहज परवानगी का मिळत होती ते मला तेव्हा कळलं, आणि मला वाटतं त्या क्षणी वडिलांना पण कळलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हा गेला तर कारखान्याचं कसं करायचं, ते मी अजून मनात आणलंच नव्हतं मॅडम."

ड्रॉप वाईट असं माझं म्हणणं नाही. खोलीचं दार लावून आठ तास अभ्यास करणारी आणि एका वर्षात कुठल्या कुठे पोचणारी मुलं मी बघितलीत. पण मागच्या वर्षाचे तास कुठे गेले ते कागदावर लिहिल्याशिवाय पुढचं वर्ष मागू नका, एवढंच मी प्रत्येकाला सांगते, कारण घरातली परिस्थिती तीच राहिली तर पुढचं वर्ष पण तिकडेच जाणार.

मग वर्क एक्सपीरियन्सचा विषय निघाला. फॉर्ममध्ये त्याने शून्य महिने लिहिलं होतं, ते बरोबरच होतं कारण कागदावर काही नव्हतं. पण नात्यातल्या कुणीतरी सुचवलं होतं की ओळखीच्या कंपनीतून दीड वर्षाचं एक्सपीरियन्स लेटर आणून देतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हे करायचं नाही. संस्था सॅलरी स्लिप मागतात, बँक स्टेटमेंट मागतात, फॉर्म १६ म्हणजे पगारावर कापलेल्या कराचा दाखला मागतात, खोटं निघालं तर मिळालेलं अ‍ॅडमिशन जातं, आणि इंटरव्ह्यूत दुसरा प्रश्न विचारला की तिथेच उघडं पडतं. आणि मुळात गरज काय, हा मुलगा खरंच काम करतोय. फक्त आजपासून ते खरं कागदावर आणा, मागच्या तारखा टाकायच्या नाहीत. वडिलांच्या फर्मकडून १ एप्रिलपासून नेमणुकीचं पत्र, त्यात काम काय ते लिहिलेलं, दर महिन्याला पगार बँकेतून त्याच्या खात्यात, वेळ दहा ते सहा. घरच्या धंद्यातला अनुभव धरायचा का आणि कुठल्या कागदांवर धरायचा हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं, म्हणून फॉर्म भरताना नियम वाचून घ्यायचा.

"घरच्या पोराला पगार द्यायचा?" वडील म्हणाले. त्यांना हे फार लागलं, म्हणजे वाईट या अर्थाने नाही, विचित्र वाटलं त्यांना. मी म्हणलं काका, पगार दिला की सहा वाजता सुट्टी पण द्यावी लागते. ते त्यांना पटलं.

सकाळी पाच ते साडेआठ अभ्यासाचे, संध्याकाळी सात ते नऊ चुका बघायचे, आणि मॉक रविवारी सकाळीच, रात्री नाही. इंग्रजीसाठी मी त्याला एक साधी गोष्ट लावून दिली. व्हीएआरसीच्या २४ प्रश्नांत १६ उताऱ्यांवरचे असतात, त्यामुळे शब्दांच्या याद्या पाठ करून फार काही हाती लागत नाही. रोज एक इंग्रजी लेख वाचायचा, अर्थशास्त्र, इतिहास, प्राणी काहीही, बंद करायचा आणि लिहिणारा नेमकं काय म्हणतोय ते मराठीत चार वाक्यांत मला व्हॉइस मेसेज करायचा. पहिले पंधरा दिवस तो मला फक्त लेखात काय काय आलं ते सांगायचा, लेखकाला काय म्हणायचंय ते नाही. चुकत होतं ते हेच. जूनमध्ये एकदा त्याचा मेसेज आला, "मॅडम, हा माणूस वरवर कौतुक करतोय पण त्याला हे पटलेलं नाही." तेव्हा मी निश्चिंत झाले.

इंटरव्ह्यूची तयारी करताना "व्हाय एमबीए" ला त्याने पाठ केलेलं उत्तर दिलं, लीडरशिप, ग्लोबल एक्स्पोजर, तेच सगळं. मी थांबवलं आणि विचारलं, त्या कागदावर उधारीचे फोन लिहिलं होतंस, त्याचं काय झालं. मग जे सुरू झाला ते वीस मिनिटं. २०२४ मध्ये आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाचा नियम लागू झाला होता, लहान उद्योगांकडून माल घेतला आणि लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे नाही दिले, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. नियम लहान कारखानदाराच्या भल्याचा, पण यांच्या दोन जुन्या पार्ट्यांनी मार्चमध्ये ऑर्डरच कमी केल्या, कारण त्यांना ९० दिवसांची सवय. ओंकारने कुठल्या पार्टीला किती दिवस लागतात त्याची वही काढली, एकाला थोडा भाव कमी करून रोखीवर आणलं, एकाला सोडून दिलं. आणि सूत घ्यायचे पैसे आणि मालाचे येणारे पैसे यांच्यातलं अंतर कसं सांभाळायचं ते मला नीट येत नाही, ते शिकायचंय, असं तो म्हणाला. मी म्हणलं हेच सांग, असंच सांग.

त्याला नोव्हेंबरच्या कॅटला ९५ आले, व्हीएआरसी ८४. दोन नव्या आयआयएमचे कॉल आले, एकीकडे नाही म्हणाले, दुसरीकडे वेटिंग लिस्ट होती ती त्याच्यापर्यंत सरकली नाही. वाईट वाटलंच, त्याला आणि मला पण. पण यावेळी सीईटीसाठी तो रोज घड्याळ लावून बसला होता, त्यात मुंबईत चांगली जागा मिळाली. जुन्या आयआयएमची फी २५ लाखांच्या घरात जाते, त्या मानाने इथलं एज्युकेशन लोन साडेसात लाखांच्या आत बसलं, म्हणजे तारणाशिवाय मिळालं आणि कारखाना गहाण टाकायची वेळ आली नाही, वडिलांच्या डोक्यावरचं मोठं ओझं गेलं.

मागच्या महिन्यात काका भेटले सात रस्त्याला. ओंकार बरा आहे म्हणाले, अभ्यास फार असतो म्हणाले. मी विचारलं कारखान्याचं कोण बघतं. "धाकटी आहे की," ते म्हणाले, "बीकॉम झालं तिचं. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करती, घरीच असती, तेवढंच जीएसटी आणि उधारीचं बघती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पण माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रविवारी घेऊन येतो तिला."

कोरा कागद मी काढून ठेवलाय.