ध्यानशिल्प की मांडणशिल्प?

धुळे जिल्ह्यातील एका वाचकाने विचारले आहे, की आजोबांचे धाब्याचे घर उतरवल्यावर निघालेले खांब, तुळया आणि तळखडे (खांबांखालचे दगड) शेतातल्या निंबाखाली रचून, जेथे येणाऱ्याने घटकाभर गप्प बसावे अशी कलाकृती ते करीत आहेत. तिला ‘ध्यानशिल्प’ म्हणावे काय, आणि तिच्या साहित्याला ‘भंगार’ म्हणणे योग्य आहे काय?

‘ध्यानशिल्प’ मला पटत नाही. ‘शिल्प’च्या आधीचे पद साहित्य सांगते (काष्ठशिल्प), जागा सांगते (भित्तिशिल्प) किंवा शिल्प कशाचे आहे ते सांगते (व्यक्तिशिल्प), त्यामुळे ‘ध्यानशिल्प’ म्हणताच डोळ्यांपुढे पद्मासनातली मूर्ती येईल, पाहणाऱ्याचे ध्यान नव्हे. शिवाय ‘काय ध्यान आहे!’ हा उद्गार आपल्याही गावात ऐकू येत असणारच. वस्तू एखाद्या जागी मांडून केलेल्या कलाकृतीसाठी (इंग्रजीत ‘इन्स्टॉलेशन’) कलेच्या लेखनात रुळलेला ‘मांडणशिल्प’ हा शब्द येथे चपखल आहे, कारण आपण चुना किंवा सिमेंट न वापरता तळखड्यांवर तुळई नुसती ठेवली आहे. पाट मांडतात, तीन दगडांची चूल मांडतात, डाव मांडतात. मांडलेले पुन्हा उचलता येते. उंबरा मात्र बसवतात. (खानदेशात कानबाई ही देवीही बसवतात आणि दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन करतात, पण तेथे बसते ती देवता.)

‘भंगार’ आणि ‘मोड’ (मोडीत काढलेले दागिने) हे दोन्ही शब्द वजनावर चालतात. सराफ मोड घेतो तेव्हा डागिन्याची घडण हिशेबात धरत नाही. आपल्या तुळईत तर खुंटीचे भोक आणि चुलीच्या धुराने आलेला काळेपणा हेच पाहण्यासारखे आहे. ‘राडारोडा’ हा पाडकामाचा शब्द. चंडीगडमध्ये नेकचंद यांनी 1957च्या सुमारास गुपचूप उभारायला घेतलेल्या आणि 1976मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या रॉक गार्डनला तो शोभतो, कारण नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचे अवशेष आणि फुटक्या चिनीमातीचे तुकडे त्यांनी तेथे वापरले. आपले घर पाडलेले नाही. कौले उतरवतात, तसे ते वरून खाली, एकेक नग सांभाळून उतरवले आहे, आणि हे क्रियापद आपण प्रश्नात सहज वापरलेही आहे. तेव्हा फलकावर ‘उतरवलेल्या लाकडाचे मांडणशिल्प’ असे लिहावे, आणि ‘येथे गप्प बसावे’ हे सांगायचेच असेल तर खाली वेगळ्या ओळीत सांगावे.