निळा पंप: जवळ असू द्या, पण त्याच्यावरच विसंबू नका

‘दम्याच्या पंपाची सवय लागते’ म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना चहा पाजा, पंप खिशातच ठेवा. निळ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. आवळलेल्या श्वासनलिकांचे स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं. असर चारेक तास टिकतो. आतली सूज मात्र तशीच राहते. तिच्यासाठी स्टेरॉइडचा रोजचा पंप असतो, तो बरं वाटलं की परस्पर बंद करू नका. 2019पासून ‘जिना’ या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही नुसत्या निळ्या पंपावर भागवू नका, असंच सांगतात.

घोळ होतो तो पंप घेण्याच्या पद्धतीत. आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरून ओठ घट्ट मिटा. सावकाश श्वास आत ओढायला लागलात की लगेच दाबा, मग मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखा. फवारा घशावर आपटला, तर बरंचसं औषध तिथंच राहिलं समजा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्याच, तो काही फक्त पोरांसाठी नसतो. निळा पंप घेतल्यावर हात थरथरले, छातीत धडधडलं तर थोड्या वेळात थांबतं.

निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागतोय? डॉक्टरांना दाखवा. पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.